धावण्याची शर्यत आणि सरळ रेषेचे गणित

ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा चालू होत्या. त्यांत ३,००० मीटरची अडथळ्यांची शर्यत झाली. तिला स्टीपलचेस म्हणतात. जाड लाकडी आडवे ओलांडीत आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या टाकीत धावायचे. एका शर्यतीत असे अठ्ठावीस आडवे आणि सात वेळा पाणी. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे या शर्यतीत दुसरा आला. पहिला आला केनियाचा अब्राहम किबिवोट. किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळेची ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक किती? एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यांतले पाच. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आता ही बातमी ऐकून पारावर बसलेला कुणी म्हातारा विचारील, “ते शतांश-बितांश राहू द्या. आपला गडी मागं राहिला तो किती हात?” प्रश्न अगदी बिनतोड आहे. घड्याळ सांगते वेळ, आणि माणसाच्या डोळ्याला दिसते अंतर. एकातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये वेगाचा पूल लागतो.

पूल बांधू या. ८ मिनिटे ११.२० सेकंद म्हणजे ४९१.२ सेकंद. तेवढ्या वेळात ३,००० मीटर. भागाकार केला की एका सेकंदाला ६.१ मीटर येतात. मग ०.०५ सेकंदात किती? ६.१ गुणिले ०.०५, म्हणजे सुमारे ०.३ मीटर. जवळजवळ एक फूट. शेवटच्या टप्प्यात दोघेही सरासरीपेक्षा जोरात धावतात, म्हणून प्रत्यक्षात फुटापेक्षा थोडे अधिक धरा. वीतभर म्हटले तर कमी, हातभर म्हटले तर जास्त. तीन किलोमीटर पळून आल्यावर एवढाच फरक!

असाच दुसरा एक हिशेब आपल्या मनात सलतो. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा चौथी आली. तिची वेळ ५५.४२ सेकंद. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या क्रिस्तिएना कोजोकारूची वेळ ५५.४१. उषेचा सरासरी वेग सेकंदाला ७.२ मीटर, म्हणून शंभराव्या भागात अंतर पडते सुमारे सात सेंटीमीटर. चार बोटे जुळवून धरा, तेवढेच. ऑलिंपिकचे पदक चार बोटांनी हुकले.

इथपर्यंत आपण साधे त्रैराशिक केले. पण शर्यतीत दोन माणसे असतात. ती वेगवेगळ्या जागेवरून निघू शकतात, वेगवेगळ्या वेळी निघू शकतात. कोण कुणाला कुठे गाठील, हे त्रैराशिकाने सांगताना दमछाक होते. तेथे रेषीय समीकरण कामाला येते. नावाला भिऊ नये. त्याचा सारा अर्थ एका ओळीत मावतो : कुठवर आलो = वेग × वेळ + सुरुवातीची आघाडी.

कागदावर दोन रेघा काढा, एक आडवी, एक उभी. आडव्या रेघेवर सेकंद मांडा, उभ्या रेघेवर मीटर. एकसारख्या वेगाने धावणारे पोर या कागदावर सरळ रेष होऊन दिसते. जोरात पळणाऱ्याची रेष उभी चढते, हळू पळणाऱ्याची लवंडलेली असते. या चढालाच आपण वेग म्हणतो. आणि रेष उभ्या रेघेला जिथे शिवते ती त्याची सुरुवातीची जागा. म्हणजे एका रेषेत दोनच गोष्टी : कुठून निघाला, आणि किती जोरात. आलेखाचा कागद शाळेत नसला तर काही अडत नाही. पटांगणावर फक्की मारून याच दोन रेघा आखा, आणि मुलांनाच बिंदू म्हणून उभे करा. जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे एकाने दुसऱ्याला गाठले असे समजावे.

आता एक कोडे घेऊ. गुरुजींनी ते वर्गात घालून पाहावे. चांगली हुशार मुलेही फसतात.

दोघी बहिणी शंभर मीटर धावल्या. थोरली रेषेवर पोचली तेव्हा धाकटी ९० मीटरवर होती. थोरली दहा मीटरनी जिंकली. धाकटी रुसली. मग थोरली म्हणाली, “रडू नकोस गं. मी दहा मीटर मागून पळते, तू होतीस तिथूनच नीघ. मग तर झालं?” दोघी पुन्हा पूर्वीच्याच वेगाने धावल्या. कोण जिंकले?

बहुतेक जण म्हणतात, दोघी बरोबर. दहा मीटरचा फरक होता, दहा मीटरची सूट दिली, फिटंफाट. पण तसे होत नाही. थोरलीच पुन्हा जिंकते.

कसे ते समीकरणाने पाहू. थोरलीला शंभर मीटरला २० सेकंद लागतात असे धरू. तिचा वेग सेकंदाला ५ मीटर. धाकटी तेवढ्याच वेळात ९० मीटर जाते, म्हणून तिचा वेग ४.५ मीटर. निघाल्यापासून किती सेकंद झाले त्या संख्येला क्ष म्हणू. दुसऱ्या शर्यतीत थोरली दहा मीटर मागे उभी आहे, म्हणून

थोरली कुठवर आली = ५ क्ष − १०
धाकटी कुठवर आली = ४.५ क्ष

दोघी एका ठिकाणी कधी? ५ क्ष − १० = ४.५ क्ष. म्हणून ०.५ क्ष = १०, आणि क्ष = २०. विसाव्या सेकंदाला दोघी ९० मीटरच्या खुणेवर खांद्याला खांदा लावून आहेत. अजून दहा मीटर उरले आहेत, आणि उरलेल्या दहा मीटरांत जोरात पळणारी थोरलीच पुढे जाणार. ती २२ सेकंदांत रेषेवर पोचते, तेव्हा धाकटी ९९ मीटरवर असते. एक मीटरनी पुन्हा हार.

मग न्यायाची सूट कोणती? धाकटीला शंभर मीटरला लागतात १०० भागिले ४.५, म्हणजे २२.२२ सेकंद. तेवढ्या वेळात थोरली १११.११ मीटर पळते. म्हणून तिने ११ मीटर ११ सेंटीमीटर मागे उभे राहिले पाहिजे. आणि गंमत अशी, की थोरली रेषेवरच उभी राहून धाकटीला पुढे उभे करायचे असेल, तर मात्र बरोबर दहा मीटरच द्यावे लागतात. पुढे दिलेले दहा आणि मागे घेतलेले दहा सारखे नाहीत. मागे घेतले की शर्यतच लांब होते, आणि लांब शर्यत जोरात पळणाऱ्याला मानवते. गावोगावच्या शाळांतून लहान-मोठ्या मुलांना एकत्र पळवताना अशी सूट अंदाजाने दिली जाते. अंदाजापेक्षा एक भागाकार केलेला बरा. धाकट्यांचा रुसवा तरी खरा की खोटा ते कळेल.

हे गणित साहेबाकडून आले असे कुणाला वाटेल, तर तसे नाही. बाराव्या शतकात आपल्या भास्कराचार्यांनी बीजगणितात एक उदाहरण घातले आहे. एकाजवळ सहा घोडे आणि तीनशे नाणी आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभर नाण्यांचे कर्ज आहे. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी, आणि दोघांची मालमत्ताही सारखी. तर एका घोड्याची किंमत काय? न कळलेल्या संख्येला आपले जुने गणिती ‘यावत्तावत्’ म्हणत. जेवढे असेल तेवढे! आपला क्ष त्यापुढे अगदीच मुका वाटतो.

मांडून पाहा : ६ क्ष + ३०० = १० क्ष − १००. चार घोडे बरोबर चारशे नाणी, म्हणून घोडा शंभराला. आता घोडे आणि नाणी पुसून टाका. सेकंदाला सहा मीटर पळणारा गडी तीनशे मीटर पुढून निघाला. सेकंदाला दहा मीटर जाणारा सायकलस्वार रेषेच्या शंभर मीटर मागून निघाला. तो गड्याला कधी गाठील? समीकरण तेच, उत्तरही तेच : शंभर सेकंदांनी, रेषेपासून ९०० मीटरवर. कर्ज म्हणजे मागे उभे राहणे आणि शिल्लक म्हणजे आघाडी, एवढाच काय तो शब्दांचा फरक. चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला, असे त्यात कोरलेले आहे. त्या बाजूच्या शाळांनी सहलीला गेल्यावर हे उदाहरण तेथेच बसून सोडवावे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील. “गुरुजी, माणूस काय पहिल्या पावलापासून एकाच वेगानं पळतो होय?” शंका रास्त आहे. तो उभा असतो, मग निघतो, मग वेग घेतो. मग सरळ रेष कुठे राहिली?

याचे उत्तर जगातल्या सर्वांत वेगवान धावेकडूनच घेऊ. १६ ऑगस्ट २००९ रोजी जर्मनीत बर्लिन येथे जमैकाचा उसेन बोल्ट शंभर मीटर ९.५८ सेकंदांत धावला. त्या धावेची दर वीस मीटरची नोंद झालेली आहे. पहिले वीस मीटर २.८९ सेकंदांत. पुढचे वीस १.७५ सेकंदांत. त्यापुढचे १.६७, मग १.६१, आणि अखेरचे वीस १.६६ सेकंदांत. बेरीज करून पाहा, ९.५८ भरते. पहिल्या वीस मीटरांना जवळजवळ तीन सेकंद, कारण त्यांत बंदूक ऐकून हलायला गेलेला वेळ आहे आणि वेग घ्यायला गेलेला वेळ आहे. चाळीस मीटरच्या पुढे मात्र वेग थोडासाच हलतो.

म्हणून चाळीसपासून शंभरपर्यंत एक सरळ रेष ओढू. हे ६० मीटर त्याने ४.९४ सेकंदांत कापले, म्हणजे सेकंदाला सुमारे १२.१५ मीटर. रेषेचे समीकरण होते :

बोल्ट कुठवर आला = १२.१५ क्ष − १६.४

पडताळा घ्या. ७.९२ सेकंदांना हे समीकरण सांगते ७९.८ मीटर, प्रत्यक्षात तो ८० वर होता. ६.३१ सेकंदांना सांगते ६०.३, प्रत्यक्षात ६०. फूटभर चुकले. मला वाटते, माणसाच्या धावण्याला याहून अधिक सोपे आणि चपखल समीकरण मागू नये.

पण शेवटी ते उणे १६.४ कशाचे? बोल्ट काही सोळा मीटर मागे उभा नव्हता. त्याचा अर्थ असा लावता येतो : कल्पना करा की एक यंत्रमानव सुरुवातीपासूनच १२.१५ मीटरच्या वेगाने पळतो. बोल्टबरोबर शेवटी पोचायचे तर त्याला किती उशिरा सोडावे? १६.४ भागिले १२.१५, म्हणजे १.३५ सेकंद उशिरा. बोल्टला उभ्याचा पळता व्हायला जी किंमत मोजावी लागली ती ही. सारी शर्यत मग दोन आकड्यांत येते : निघताना किती हरवले, आणि पूर्ण वेगात किती जोर.

शिक्षकांना हे फार उपयोगी आहे. दोन मुलांची वेळ सारखीच भरते, समजा १५ सेकंद. पण एकाने ४० मीटरची खूण आधी गाठली आणि दुसऱ्याने मागून येऊन बरोबरी केली, तर दोघे सारखे नाहीत. पहिल्याला पुढचा वेग हवा, दुसऱ्याला निघण्याचा सराव हवा. दोघांनाही “आणखी जोरात पळा” एवढेच सांगणे म्हणजे सगळ्या रोगांवर एकच पुडी देण्यासारखे आहे. ४० मीटरवर एक मुलगा घड्याळ घेऊन उभा केला की काम भागते. खो-खोच्या गड्याला निघण्याचा आकडा महत्त्वाचा, कारण त्याचे अर्धे आयुष्य उठून पळण्यातच जाते.

मात्र रेष ओढता आली म्हणजे ती कितीही लांब ओढावी असे नाही. बोल्टचीच रेष दोनशे मीटरपर्यंत वाढवा. २१६.४ भागिले १२.१५, म्हणजे १७.८ सेकंद येतात. त्याच बर्लिनमध्ये चार दिवसांनी, २० ऑगस्टला, तो दोनशे मीटर धावला आणि तोही जागतिक विक्रम झाला. वेळ होती १९.१९ सेकंद. दोनशेच्या शर्यतीत वळण असते हे खरे. पण मुख्य कारण, तो वेग एवढा वेळ टिकवणे माणसाच्या अंगात नाही. ज्याच्या पायांनी ती रेष आखली त्याचीच ही गत, मग शंभर मीटरच्या वेळेवरून पंधराशे मीटरचा गडी निवडणाऱ्यांना काय म्हणावे?

रेष लांब ओढण्याचा याहून मोठा किस्सा २००४ साली घडला. ‘नेचर’ हे विज्ञानाचे नामांकित साप्ताहिक. त्यात काही संशोधकांनी एक टिपण छापले. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकणाऱ्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेळा त्यांनी सालवारीने मांडल्या. दोन रेषा काढल्या. पुरुषांची वेळ दर वर्षी ०.०११ सेकंदाने घटत होती, स्त्रियांची ०.०१६८ सेकंदाने. स्त्रियांची रेष वर असली तरी अधिक उताराची. दोन रेषा कुठेतरी छेदणारच. त्या छेदतात २१५६ साली! त्या वर्षी स्त्रिया ८.०८ सेकंदांत आणि पुरुष ८.१० सेकंदांत धावतील असे त्या रेषांनी सांगितले.

गणितात चूक नव्हती. पण तीच स्त्रियांची रेष आणखी पुढे नेली तर २६३६ सालाच्या सुमारास वेळ शून्य होते. म्हणजे बंदुकीचा बार आणि रेषेला छाती लागणे एकाच क्षणी. त्यापुढे तर शर्यत सुरू होण्याआधीच संपेल. एका टीकाकाराने हा हिशेब त्याच साप्ताहिकाला लिहून कळवला.

आता काही वर्षे गेली आहेत, तेव्हा आपण स्वतःच तपासून पाहू शकतो. त्या रेषांप्रमाणे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची वेळ सुमारे १०.३० आणि पुरुषांची ९.५५ यायला हवी होती. प्रत्यक्षात सेंट लुसियाची ज्युलियन आल्फ्रेड १०.७२ सेकंदांत आणि अमेरिकेचा नोआ लाइल्स ९.७९ सेकंदांत जिंकला. दोन्ही रेषा चुकल्या, आणि स्त्रियांची जास्त चुकली.

असे का व्हावे? स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावायला प्रथम मिळाले ते १९२८ साली, अ‍ॅम्स्टरडॅमला. अमेरिकेची बेटी रॉबिन्सन १२.२ सेकंदांत जिंकली. त्या काळी फार थोड्या देशांच्या मुली मैदानावर येत. पुढे मैदान खुले झाले, शिक्षक मिळाले, कोळशाच्या भुकटीच्या वाटेऐवजी रबरासारख्या वाटा आल्या, आणि वेळा भराभर खाली आल्या. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनर १०.५४ सेकंदांत जिंकली. साठ वर्षांत दीड सेकंदाहून अधिक घट. पण त्यानंतरच्या छत्तीस वर्षांत घट नाहीच. पॅरिसची वेळ सोलपेक्षा जास्त आहे. त्या रेषेचा उतार स्नायूंचा कमी आणि उघडलेल्या दारांचा जास्त होता. दार एकदा पूर्ण उघडले की आणखी उघडत नाही. आपल्याकडे ज्या गावांत मुलींनी पटांगणावर पळणे अजून नवे आहे, तिथे पहिली काही वर्षे अशीच झपाट्याची घट दिसेल, आणि ती शिक्षकांनी अवश्य मांडून ठेवावी. फक्त तिच्यावरून पुढच्या पन्नास वर्षांचे भाकीत करू नये.

आता गावच्या पटांगणाकडे वळू. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, दोन्ही अन्यायाच्या.

पहिली घड्याळाची. शंभर मीटरच्या एका टोकाला शिक्षक शिट्टी वाजवतात, दुसऱ्या टोकाला दुसरे शिक्षक घड्याळ घेऊन असतात. शिट्टी ऐकली की घड्याळ चालू. पण आवाज काही फुकट येत नाही. तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. शंभर मीटर यायला त्याला ०.२९ सेकंद लागतात. म्हणजे मुले पळू लागल्यावर घड्याळ चालू होते, आणि प्रत्येक मुलाची वेळ ०.२९ सेकंदाने कमी भरते. एकाच शाळेत सर्वांना सारखीच चूक, म्हणून पहिला-दुसरा बदलत नाही. पण तालुक्याला नावे पाठवताना दोन शाळांच्या वेळा शेजारी ठेवल्या की घोटाळा. एका शाळेने शिट्टी ऐकून १२.९ लिहिले. दुसऱ्या शाळेने निशाण खाली पडलेले पाहून १३.१ लिहिले. कागदावर पहिला मुलगा पुढे. पण त्याची खरी वेळ १२.९ अधिक ०.२९, म्हणजे १३.१९. दुसरा मुलगाच वेगवान, आणि तोच घरी राहिला. सेकंदाला साडेसात मीटरच्या वेगाने हा ०.२९ सेकंद म्हणजे दोन मीटरहून जास्त अंतर आहे! उषेचे पदक चार बोटांनी गेले हे आठवावे. उपाय सोपा आहे : निशाण, किंवा हात वर करून झटकन खाली आणणे. बंदूक असली तर धूर पाहून घड्याळ दाबावे, आवाज ऐकून नव्हे.

हाताच्या घड्याळाला आणखी एक खोड आहे. शेवटी माणूस रेषेकडे येताना दिसतो म्हणून बोट वेळेवर पडते, पण सुरुवातीला अचानक निशाण पडते म्हणून बोटाला उशीर होतो. त्यामुळे वेळ कमीच भरते. विजेच्या घड्याळाशी तुलना करताना शंभर मीटरच्या हातघड्याळी वेळेत ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, तो याचसाठी. १९६० साली रोमला मिल्खासिंग ४०० मीटर धावले, तेव्हा हाताच्या घड्याळाने वेळ नोंदली गेली ४५.६, आणि विजेच्या घड्याळाने ४५.७३. धावणारा तोच, धाव तीच. जुना विक्रम आणि नवा विक्रम यांची तुलना करणाऱ्याने कोणते घड्याळ हे आधी विचारावे.

दुसरा अन्याय वळणाचा. गोल पटांगणावर पूर्ण फेरीची शर्यत असते. आतली मुले कमी पळतात, बाहेरची जास्त. म्हणून बाहेरच्याला पुढे उभे करतात. पाहणारे ओरडतात, “अहो, त्याला एवढं पुढं का?” आणि किती पुढे, हे बहुधा पावले टाकून ठरवले जाते. प्रत्यक्षात हा आकडा सहज काढता येतो. दोन्ही टोकांची दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते. परीघ म्हणजे २ गुणिले ३.१४ गुणिले त्रिज्या. धावपट्टी एक मीटर रुंद असेल तर शेजारच्या मुलाची त्रिज्या एक मीटरने मोठी, म्हणून त्याचा परीघ ६.२८ मीटरने मोठा. म्हणून प्रत्येक बाहेरच्या पट्टीला आतल्यापेक्षा ६.२८ मीटर पुढे उभे करा. दुसऱ्या पट्टीला ६.२८, तिसऱ्याला १२.५६, चौथ्याला १८.८४. हीही एक सरळ रेषाच झाली. यात पटांगण केवढे, हा प्रश्नच येत नाही. दीडशे मीटरची फेरी असो की चारशेची, पट्टी एक मीटरची तर आघाडी ६.२८ मीटरचीच. शिक्षकांना हे प्रथम खरे वाटत नाही. दोरी घेऊन मोजून पाहावे.

मोठ्या स्पर्धांतून पट्टी १.२२ मीटर रुंद असते, तेथे ही आघाडी दर पट्टीला सुमारे ७.६७ मीटर येते. सर्वांत आतल्या पट्टीची मोजणी थोडी वेगळी असल्याने दुसऱ्या पट्टीला ७.०४ मीटर देतात. आठव्या पट्टीचा गडी अशा रीतीने सुमारे ५३ मीटर पुढे उभा असतो. तेवढ्याने त्याला फायदा होत नाही. उलट त्याला मागचे सात जण दिसत नाहीत, आणि आपण पुढे आहोत की मागे हे शेवटच्या सरळ वाटेपर्यंत कळत नाही. अर्ध्या फेरीची शर्यत असेल, एकच वळण असेल, तर वरचे सारे आकडे निम्मे करावे : एक मीटरच्या पट्टीला ३.१४ मीटर. आणि खुणा फक्कीने आदल्या दिवशी मारून ठेवाव्यात, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी पावले मोजण्यात वेळ जाणार नाही.